पुलाखालची आत्या

माझा नवरा दामोदर मत्सरी आहे हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही हॉलंडात, आणि तेही एका माशापायी. त्याआधी मी सगळ्यांना सांगायची की आमच्या दामोदरला राग नाही, लोभ नाही, त्याला फक्त वेळेवर चहा लागतो.

तसा तो खरंच साधा माणूस. पुण्यात वाढलेला, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या सभ्य शब्दांत कळवायच्या. घरीही तोच शिरस्ता. आमटीत मीठ कमी असलं तर जेवण उरकून, हात धुऊन झाल्यावर सांगणार. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत सायकल धरून उभा राहणार. नाव त्याच्या आजोबांचं. पत्रिकेवर दामोदर आणि वृंदा असं छापून आलं तेव्हा मंडळींनी चेष्टा केली होती, की या घरात आता तुळशीचं लग्न वेगळं लावायला नको. तो हसला नाही, रागावलाही नाही, फक्त त्याचे कान लाल झाले. दामोदरचं जे काही असतं ते कानांत दिसतं.

मी चौलची. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी सोडली तर आमच्या घरी ताटात मासा नाही असा दिवस उगवत नसे. त्याच्या घरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. लग्न ठरलं तेव्हा मीच म्हटलं होतं, स्वयंपाकघरात मी मासा आणणार नाही. कोणी वदवून घेतलं नव्हतं, म्हणूनच ते मोडणं जड होतं. हॉलंडात, ॲमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेत आल्यावर सासूबाई समुद्रापार राहिल्या, तरी मी शब्द पाळला. शनिवारच्या बाजारात गाडीपाशी उभी राहून मी कांदा लावलेला हेरिंग मासा शेपटीला धरून खायची, आणि दामोदर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लांब, चीजच्या दुकानाकडे तोंड करून उभा राहायचा. नंतर न बोलता पेपरमिंटची गोळी पुढे करायचा. निषेध एवढाच.

आम्ही आलो २००४ साली. तो रोज ट्रेनने ॲमस्टरडॅमला जायचा, त्याला ऑफिस होतं, जेवायला सोबत होती, गळ्यात फोटोचं कार्ड होतं. पुण्यात बँकेत काउंटर सांभाळणारी मी इथे पडद्यामागून शेजाऱ्यांची ये-जा बघत बसले होते. काम करायला परवानगी होती, भाषा नव्हती. पहिलं वर्षभर मी त्याच्या गळ्यातल्या त्या कार्डावर जळले. नगरपालिकेच्या डच वर्गाला जायची, पण दुकानात तोंड उघडलं की समोरचा लगेच इंग्रजीवर येणार. फक्त विम येत नव्हता, कारण विमला इंग्रजी येत नव्हतं.

विम आमचा लगतचा शेजारी. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली. आमच्या घरांच्या मागे कालवा आहे, कालव्यावर सायकलींचा छोटा पूल आणि पुलावर एकच दिवा. थंडीत दिवस मावळला की विम त्या पुलाजवळ घडीची खुर्ची मांडून बसायचा आणि पाण्यावर त्याच्या गळाच्या तरंगत्या फ्लोटचा बारीक लाल दिवा हलत राहायचा. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. एकदा राहवलं नाही, दोन कप चहा घेऊन गेले आणि वर्गात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की मला मासे फार आवडतात. त्याने शेडमधून दुसरी खुर्ची आणली.

डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो. सूर्यास्तानंतर दोन तास गळ टाकायला परवानगी, मग काठ्या आवरून घरी. त्यामुळे अंधारातली मासेमारी म्हणजे आपल्याकडची संध्याकाळच्या चहाची वेळ. विमला हवा असायचा तो स्नूक. इंग्रजीत त्याला पाइक म्हणतात. लांबट, हिरवा, अंगभर फिकट पिवळे ठिपके, चपटं तोंड आणि त्यात दातच दात. पुलावरच्या दिव्याच्या उजेडाला बारीक मासळी गोळा होते आणि उजेड संपतो तिथे, काळोखाच्या कडेला, स्नूक दबा धरून बसतो. गळाला मेलेली सार्डिन लावायची, दात लागून दोरी तुटू नये म्हणून पुढे पोलादी तार, आणि मग बसायचं. माझी डच भाषा त्या काठावर तयार झाली. मला घरभाड्याच्या करारातले शब्द यायचे नाहीत, पण आमिष, कल्ला, जबडा हे सगळे यायचे.

पहिल्यांदा विमला माझ्यासमोर स्नूक लागला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्याने गळ काढला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडून दिला.

"हे काय? खायचा नाही?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी शेजारणीचं मांजर खायचं का म्हणून विचारलं होतं. त्यांच्या क्लबात स्नूक परत पाण्यातच जातो. तो म्हातारा होईल, मोठा होईल आणि पुन्हा कोणाला तरी भेटेल, असं विम म्हणाला. पहिले काही दिवस मला हा निव्वळ वेडेपणा वाटला. मग लक्षात आलं की माझ्या दृष्टीने हे फारच सोयीचं आहे. मासा घरात येत नव्हताच. दामोदरला सांगितलं तेव्हा त्याने बराच वेळ विचार केला, पण टेस्टरला त्यात चूक सापडेना. मी पोस्टातून परवाना घेतला, क्लबचं कार्ड काढलं, आणि विमने त्याच्या बायकोची जुनी काठी मला दिली.

दुसऱ्या थंडीत माझ्या गळाला ती लागली. मीटरभर तरी होती. एवढी मोठी म्हणजे मादीच, विम म्हणाला. शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला आणि कल्ल्यावर पांढरा व्रण. प्रत्येक स्नूकच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि एकदा पाहिलेला मासा पुन्हा ओळखता येतो, हेही त्यानेच दाखवलं. मी मात्र तिला तोंडावरून ओळखलं. खालचा जबडा पुढे आणि नजर अशी, की या घरात सगळंच चुकतंय. हुबेहूब आमची थोरली आत्या. मी तसं सांगितलं आणि विम इतका हसला की त्याच्या हातून पक्कड पाण्यात पडली. तेव्हापासून ती आत्या. तो शब्द विम स्वच्छ मराठी उच्चारायचा. त्या थंडीत ती मला दोनदा भेटली आणि पुढच्या शरदात तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या भेटीत विमने फोटो काढला.

हा फोटो दामोदरने पहिल्यांदा पाहिला तो विमच्या स्वयंपाकघरात. पोस्टमनने चुकून आमच्याकडे टाकलेलं पार्सल द्यायला तो गेला होता. परत आला तो कान लाल करून.

"तुझा फोटो त्याच्या फ्रिजवर लावलाय."

"माझा नाही, आत्याचा. मी नुसती धरून उभी आहे."

"तू हसतेयस त्यात."

"मासा लागल्यावर माणूस हसतो."

"एवढं?"

मग त्याने कपाटातून आमच्या लग्नाचा अल्बम काढला आणि जमिनीवर बसून पानं उलटली. "यातल्या एकाही फोटोत तू अशी हसलेली नाहीस," तो म्हणाला. मी म्हटलं, होमाचा धूर डोळ्यांत जात होता. त्याने अल्बम मिटला. विमने आम्हालाही त्या फोटोची एक प्रत दिली होती, ती दामोदरने ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरांच्या खाली ठेवली.

तिथून त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. विम मला बुरव्राऊ म्हणतो, म्हणजे शेजारीण. इथे सगळेच म्हणतात. दामोदरने डिक्शनरीत पाहिलं तर व्राऊ म्हणजे बायको असाही अर्थ निघाला. झालं. दोन दिवस तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. प्रोजेक्टमध्ये हल्ली काम कमी आहे असं सांगून लवकरची ट्रेन पकडू लागला. येऊन स्वयंपाकघरातला दिवा लावायचाच नाही आणि अंधारात खिडकीशी उभा राहायचा. काठावरून मला काचेमागे त्याच्या चष्म्याची चमक दिसायची. सत्तरीच्या म्हाताऱ्यावर जळणारा नवरा. मला त्याचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मजाही आली. वर्षभर मी त्याच्या कार्डावर जळले होते, आता त्याची पाळी होती.

जेवताना चौकशी सुरू व्हायची. आज काय बोललात? मासे. दोन तास? हो. आमिष कुठलं? किती खोल सोडता? आत्या नेमकी कुठे बसते? मला वाटलं, चला, गोडी लागतेय. मी रंगवून सांगायची. पुलाचा तिसरा खांब, उजेडाच्या बाहेर हातभर. ओढ लागली की लगेच झटका द्यायचा नाही, लाल दिवा पूर्ण बुडू द्यायचा. तो एकेक गोष्ट पुन्हा विचारून पक्की करून घ्यायचा. टेस्टरच तो.

एका शनिवारी मीच त्याला ओढत काठावर नेलं. तो तिसऱ्या खुर्चीवर बसला आणि घरकर्जाच्या व्याजदरावर, विमला येत नसलेल्या इंग्रजीत, मोठ्याने बोलू लागला. विमने हसून ओठांवर बोट ठेवलं. मग विमने थर्मास उघडला आणि दामोदरच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. दामोदर कप तसाच ठेवून उठला. घरी आल्यावर मला म्हणाला, "माझ्या चहात किती साखर ते त्याला कसं माहीत?"

"मी सांगितलं असेल. मला डच बोलायचं असतं, आणि बोलायला दुसरं आहे काय? तुझंच सांगते."

"म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे."

"सगळं म्हणजे तू घोरतोस आणि मेथी आवडत नाही, एवढं."

तो ओट्याला टेकून उभा होता. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. "तुमचं दोघांचं ते पाणी आहे, ती आत्या आहे. भाषासुद्धा तुमची आहे, मला तर निम्मं कळत नाही. आपल्या दोघांचं असं काय आहे, वृंदा, जे विमला ठाऊक नाही? एक सांग."

खरं तर आठवलं असतं, पण त्याने परीक्षेसारखं विचारलं म्हणून मला चीड आली आणि मी भांडी घासायला घेतली. तू घरी असलीस तरी तिथेच असतेस, असं काहीतरी तो मागून म्हणाला. मी नळ मोठा केला.

२००६च्या डिसेंबरात मला ताप आला. डॉक्टरांनी इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि आराम सांगितला. विम तेव्हा मुलीकडे झ्वोलला गेला होता, थंडीसाठी शेडमध्ये ठेवलेल्या त्याच्या कुंड्यांना पाणी घालायचं म्हणून तिथली किल्ली आमच्याकडे होती. रविवारी दुपारी दामोदर मऊ भात घेऊन वर आला. मला तोंडाला चव नव्हती. मी डोळे मिटूनच म्हटलं, "आईच्या हातचं माशाचं कालवण हवं होतं." तापात माणूस बोलतो तसं मी बोलले. सहा वर्षांत हे वाक्य मी त्याच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं.

थोड्या वेळाने मागचं फाटक वाजलं. मला वाटलं, गोळ्या आणायला गेला असेल.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. त्याने विमच्या शेडमधून माझी काठी घेतली, जाळी घेतली, फ्रीझर उघडून सार्डिन काढली. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून ती गळाला लावली. सिग्नल न मोडणारा माणूस परवाना नसताना, कार्ड नसताना, अंधार पडता पडता पुलापाशी जाऊन बसला. तिसरा खांब, उजेडाच्या बाहेर हातभर. लाल दिवा पूर्ण बुडू दिला. जेवताना मी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्याने केलं, फक्त शेवटचं सोडून.

सातच्या सुमाराला त्याने हाक मारली. मी शाल गुंडाळून जिना उतरले. ओट्यावर फुकटच्या वर्तमानपत्राची पानं पसरलेली होती आणि त्यावर ती आडवी पडली होती. ओट्याला पुरत नव्हती, शेपटी शेगडीवर गेली होती. शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला. दामोदर बाजूला उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, उजव्या हाताची बोटं दातांनी फाटून रक्ताळलेली. पण चेहरा असा, की शाळेतून पहिला नंबर घेऊन आलाय.

"कालवण म्हणाली होतीस ना," तो म्हणाला.

मी शेगडीजवळ गेले. हात तिच्या कल्ल्यावरच्या व्रणावर ठेवला. थंड होती. जिवंत असती तर मी तशीच शालीत उचलून पाण्याकडे पळाले असते. मग तो ओट्यापाशी उभा राहिला असता, आणि आमचं पुढे काय झालं असतं मला सांगता येत नाही. पण ती मेलेली होती. ज्या माणसाच्या घरात सात पिढ्या अंडं आलं नाही, त्याने माझ्यासाठी आपल्या हाताने मासा आणून ओट्यावर ठेवला होता. बाजारात रविवारी मासे नसतात हे खरं, पण सोमवारी असतात. त्याला सोमवारचा मासा आणायचा नव्हता.

मी सुरी घेतली. आमच्याकडे मासा टाकून देत नाहीत. एवढा मोठा मासा साफ करताना मला आई आठवली आणि आत्याही आठवली, खरी, चौलची. तुकडे केले, हळद-मीठ लावलं. सुरिनामी दुकानातून आणलेला नारळाच्या दुधाचा डबा होता, आईने दिलेली आमसुलं होती. कालवण उकळलं आणि त्याचा वास घरभर पसरला, पडद्यांत, कोटांत, देवाच्या कोनाड्यापर्यंत. मी खिडकी उघडायला गेले तर दामोदर म्हणाला, "राहू दे."

मी दोघांसाठी पानं घेतली, त्याच्यासाठी सकाळचं वरण गरम केलं. त्याने वरणाची वाटी बाजूला सरकवली. "मलाही वाढ," म्हणाला. स्नूकच्या मांसात बारीक दुबेळक्याचे काटे असतात, सवय नसलेल्याच्या घशात हमखास अडकतील असे. मी त्याच्यासाठी बोटांनी काटे काढून त्याच्या भातावर ठेवत गेले. तो एकेक घास गिळत होता, चावत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिखटाचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

दुसरं विचारलं. "ओळखलीस तू हिला?"

त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण मी नेहमी सगळ्यांना सांगते. "हो. जाळीत आली तेव्हाच. शेपटीवरून."

"मग?"

"मारली नाही मी," तो म्हणाला. "गवतावर ठेवली आणि उभा राहिलो. हात खिशात घालून. ती थांबेपर्यंत." मग थोडा वेळ भात कालवत राहिला. "आधी मनात कालवणच होतं, शपथ. पण तीच निघाली. मला वाटलं, ही नसली की तू घरी असशील."

मला त्याला ताटासकट बाहेर काढावंसं वाटलं. तो म्हातारा वर्षानुवर्षं जे जपत आला होता ते या माणसाने खिशात हात घालून संपवलं होतं, आणि मी ते आमसुलं घालून शिजवलं होतं. आणि त्या रागातच मला हेही जाणवलं की माझ्यासाठी कोणी एवढं जळेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते मला आवडलं होतं. दोन्ही खरं आहे. मी पुढचा काटा काढला आणि घास त्याच्या भातावर ठेवला. आम्ही पातेलं संपवलं.

नाताळ झाल्यावर विम परत आला. येताना माझ्यासाठी झ्वोलहून गोड पाव घेऊन आला आणि त्याच संध्याकाळी पुलाजवळ खुर्ची मांडली. मी गेले. न जाऊन काय सांगणार होते? दामोदरही माझ्या मागोमाग आला, तिसरी खुर्ची स्वतःच घेऊन. विमच्या भुवया वर गेल्या, पण तो खूश झाला.

जानेवारीत दामोदरने स्वतःचा परवाना काढला, क्लबचं कार्ड काढलं. आता तो रोज लवकर येतो, खिडकीत उभा राहत नाही, सरळ काठावर येतो. सार्डिन नुसत्या हाताने लावतो. डचही शिकतोय, माझ्याहून भरभर. आणि विम त्याच्याशी माझ्याहून जास्त बोलतो. बसचं इंजिन, गिअर, बर्फातले रस्ते, हे सगळं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. दामोदर प्रश्न विचारतो आणि म्हातारा खुलतो. दोघं हसतात तेव्हा मी पाण्यावरच्या लाल दिव्याकडे बघत बसते. ती माझी जागा होती. मला तिथे कोणी इंग्रजीत बोलत नव्हतं, कोणाची बायको म्हणून ओळखत नव्हतं. आता विम त्याला बुरमन म्हणतो, म्हणजे शेजारी, आणि काठी आधी त्याच्या हातात देतो. जळायची पाळी पुन्हा माझ्यावर आली आहे.

विम रोज तिसऱ्या खांबापाशीच गळ टाकतो. "आत्या रुसलीय," म्हणतो. कधी म्हणतो, थंडीने खोल गेली असेल. कधी म्हणतो, म्हातारी शहाणी झालीय, दुसऱ्या पुलाखाली गेली असेल, पण परत येईल. दामोदर मान हलवतो. "येईल," तो विमला डचमध्ये सांगतो.

परवा विमने आम्हाला सूप प्यायला आत बोलावलं. फ्रिजवर माझा फोटो होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारचं सगळं, विमच्या नातवाचं चित्र, दंतवैद्याच्या तारखेचं कार्ड, खाली सरकवलेलं होतं. मोकळ्या जागेत एक चुंबक नुसताच लावून ठेवला होता.

"ही बुरमनची जागा," विम म्हणाला. "तीन वेळा बुरव्राऊला भेटली ती. या खेपेला आत्या तुझ्या हातात येणार, आणि फोटो मी काढणार."

दामोदरने चमचा खाली ठेवला. कान लाल, मानेपर्यंत लाल. विमला वाटलं, लाजला. त्याने दामोदरच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या वाडग्यात आणखी सूप ओतलं.

परत येताना, दोन घरांच्या मधल्या वाटेवर, दामोदर थांबला. "सांगू या त्याला," म्हणाला. "मी सांगतो. तू फक्त शेजारी उभी राहा."

"नको."

"किती दिवस असं?"

"तो तिच्यासाठी रोज बसतो तिथे, दामोदर. ती गेलीय म्हटल्यावर तो कशासाठी बसेल?"

पुलावरचा दिवा लागलेला होता आणि विम सूप संपवून पुन्हा खुर्ची काढत होता, तिचा आवाज येत होता.

"आणि तुला हेच हवं होतं ना?" मी म्हटलं. "आपल्या दोघांचं असं काहीतरी, जे विमला ठाऊक नाही. आता आहे."

दामोदरने मागचं फाटक उघडून धरलं, मी आत येईपर्यंत थांबला, आणि मग कडी लावली.